तीर्थन खोऱ्यातून ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान: वाटाड्या घ्यायलाच हवा का?

पाऊलवाट | १२ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यात आठ-नऊ दिवसांची सुट्टी काढून हिमाचलातल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जायचं मनात आहे. आम्ही चौघं: मी (वय ४७), बायको (४४), धाकटा मेहुणा आणि यंदाच दहावी झालेली लेक.

सह्याद्रीत वीस-बावीस वर्षं भटकतोय. अलंग-मदन-कुलंग, रतनगड ते हरिश्चंद्रगड, साल्हेर-मुल्हेर झालंय, लेकही सातव्या वर्षापासून सोबत असते. हिमालयात मात्र एकदाच गेलो, तेही एका मोठ्या गटाबरोबर. चाळीस जण, एकामागे एक रांग, शिट्टी वाजली की उठायचं, शिट्टी वाजली की निघायचं. डोंगर सुंदर होता, पण तो आपल्याला भेटला असं काही वाटलं नाही. म्हणून या वेळी आपल्या पायांनी, आपल्या वेगाने जायचंय. तंबू, स्लीपिंग बॅगा आणि स्टोव्ह आमच्याकडे आहेत.

मुख्य प्रश्न असा की तिथे स्थानिक वाटाड्या घ्यायलाच हवा का? नकाशा आणि जीपीएसवर जाता येईल का? दुसरं म्हणजे, तीर्थन नदीच्या उगमापर्यंत (तिथे त्याला तीर्थ म्हणतात) एवढ्या दिवसांत पोचणं होईल का? मुंबईहून कसं जावं आणि थंडी किती असते, हेही कुणी सांगितलं तर मदत होईल.

---

देवदार | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

पाऊलवाट, फार चांगली जागा निवडलीत. मी २०१७ आणि २०२२ मध्ये, दोन्ही वेळा ऑक्टोबरातच गेलोय. सविस्तर लिहितो.

आधी पोचण्याचं. मुंबईहून रेल्वेने चंदीगड गाठा. तिथून कुलू-मनालीकडे जाणारी बस घ्या आणि औटला उतरा. मनालीपर्यंतचं तिकीट काढून झोपून जाऊ नका, वाहकाला आधीच सांगून ठेवा. औटहून लारजीमार्गे बंजारच्या बस मिळतात आणि बंजारहून गुशैणीच्या. लारजीपाशी तीर्थन आणि सैंज या दोन्ही नद्या ब्यासला मिळतात, तिथे धरण आहे. सैंजवरही जलविद्युत प्रकल्प झाला. तीर्थन मात्र मोकळी राहिली, कारण खोऱ्यातल्या लोकांनी ती अडवू दिली नाही. बंजार सोडल्यावर उजेडात नदीकडे बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा असं पाणी आहे.

गुशैणीच्या थोडं अलीकडे साई रोपा लागतं. तिथे वनखात्याचं केंद्र आहे. परवाना तिथे मिळतो किंवा कुलूजवळ शमशीला उद्यानाच्या मुख्यालयात. प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या दोन-दोन प्रती न्या. मोटाररस्ता गुशैणीला संपतो असंच धरून चाला. फलाचन नावाचा ओढा तिथे तीर्थनला मिळतो. त्याच्या पुढे फोनला रेंज नाही, घरी आधीच सांगून ठेवा.

आता वाटेबद्दल. पहिल्या दिवशी गुशैणी ते रोला. नदी सोबतीला, अंतर ९-१० किलोमीटर, चढ सौम्य. सुरुवातीला गावं, सफरचंदाच्या बागा, मक्याची कणसं वाळत घातलेली लाकडी घरं, मग हळूहळू जंगल. उद्यानाचं फाटक रोलाच्या अलीकडे आहे. रोला साधारण २१०० मीटरवर, नदीकाठी. दुसऱ्या दिवशी शिल्ट, तेही साधारण ३१०० मीटर. म्हणजे एका दिवसात हजार मीटर चढायचंय. सह्याद्रीच्या हिशेबात सांगायचं तर खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड चढायचा, वर पोचलं की पुन्हा पायथ्याशी आणून उभं केल्यासारखं अर्ध्याहून जास्त चढायचं, आणि हे सगळं विरळ हवेत. शिल्टला वनखात्याची झोपडी आहे, बाहेर तंबूला जागा आहे. तिसऱ्या दिवशी पाठीवर ओझं न घेता राखुंडीच्या माथ्यावर जाऊन परत. तो ३६०० मीटरच्या आसपास आहे.

तीर्थला जायचं असेल तर गुशैणी ते गुशैणी आठेक दिवस हाताशी हवेत. तुमच्या एकूण सुट्टीतून येण्या-जाण्याचे चार दिवस गेले, तेव्हा या खेपेला ते सोडा. गुमतराव, ढेल करत लपाहवरून सैंज खोऱ्यात उतरणारी वाटही आहे. ती मी २०२२ ला केली. ढेल थाच हे आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं कुरण. थाच म्हणजे उंचावरचं चराईचं गवताळ माळ, तुम्हाला हा शब्द तिथे दहा वेळा ऐकू येईल. पण पहिल्याच खेपेला, तेही लेकीबरोबर, शिल्ट-राखुंडी पुरे.

दसऱ्याबद्दल एक सूचना. कुलूचा दसरा आपल्या दसऱ्याला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. गावोगावचे देव पालख्यांतून ढालपूरच्या मैदानात येतात, त्यांच्याबरोबर अख्खी गावं येतात. त्या दिवसांत कुलूत राहायला जागा मिळत नाही आणि खोऱ्यात माणसं मिळत नाहीत. तो उरकल्यावरच जा.

आणि वाटाड्या घ्यावाच लागतो. त्याच्याशिवाय परवाना मिळत नाही.

---

कातळ | १३ ऑगस्ट, दुपारी १:०५

देवदार, माहिती उत्तम. पण शेवटच्या मुद्द्यावर मला मनापासून लिहावंसं वाटतं.

नियम आहे तर तो पाळायचा, याबद्दल दुमत नाही. पण हा नियम बरोबर आहे का? वाट स्वतः शोधणं हा माझ्यासाठी डोंगरातला गाभ्याचा भाग आहे. धुक्यात धार चुकणं, नाळेत उतरून पुन्हा मागे येणं, ढोरवाट आणि माणसाची वाट यातला फरक ओळखणं, हे सगळं शिकायला मला पंधरा वर्षं लागली. पुढे कुणी चालत असेल तर माझी नजर त्याच्या टाचांवर राहते, डोंगरावर राहत नाही. ज्यांना अनुभव आहे त्यांची परीक्षा घ्या, कागद तपासा, पण सरसकट माणूस सोबत लावणं मला पटत नाही.

---

रानजाई | १३ ऑगस्ट, रात्री ११:५०

कातळ, तुमचं म्हणणं मला कळतं, कारण मीही तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा असंच म्हणत होते. पक्ष्यांच्या नोंदींच्या कामासाठी दोन उन्हाळे मी त्या खोऱ्यात काढले. गुशैणीच्या वरच्या अंगाला एका घरात राहत होते. त्या घराबद्दल लिहिते, मग नियमाचं बोलू.

घरमालकीण तेव्हा पन्नाशीच्या. त्या लहानपणी आईबरोबर वरच्या थाचांवर जायच्या. उन्हाळा लागला की गावातल्या बाया-मुली आठ-आठ दिवस गुहांमध्ये मुक्काम करून धूप, कडू, नागछत्री अशा औषधी मुळ्या खणायच्या. वसंतात गुच्छी शोधायच्या. ही जंगलात आपोआप उगवणारी अळंबी, फार महाग विकली जाते. पुरुष मेंढ्या घेऊन वर जायचे. घरातला रोख पैसा येई तो याच दोन-तीन गोष्टींतून.

उद्यानाची पहिली घोषणा १९८४ ची, अंतिम अधिसूचना १९९९ ची. त्या दिवसापासून ७५४ चौरस किलोमीटरच्या आत चराई बंद, मुळ्या बंद, गुच्छी बंद. ब्रिटिश काळापासूनच्या नोंदींत ज्यांच्या घराण्याचे हक्क लिहिलेले होते त्यांना भरपाई मिळाली. पण त्या जंगलावर जगणारी घरं नोंदींतल्या नावांपेक्षा किती तरी जास्त होती. उद्यानाच्या पश्चिमेला जो परिसर-विकास पट्टा आहे, त्यात सुमारे १६० वाड्या-वस्त्या आहेत. हे सगळं त्यांनी सोसलं.

त्याच्या बदल्यात काय, तर बायकांचे बचतगट उभे राहिले, गांडूळखत आणि जर्दाळूच्या बियांचं तेल विकायला लागले. आणि दुसरं, उद्यानात येणाऱ्या पाहुण्यांबरोबर जाण्याचं काम. वाटाडे, हमाल, स्वयंपाकी. पर्यटनासाठी स्थानिकांची संस्थाही बनली. २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून या जागेला मान दिला. त्यांच्या नोंदीत ३१ जातींचे सस्तन प्राणी आणि २०९ जातींचे पक्षी आहेत. ते आज तिथे आहेत, कारण एका पिढीने आपली रोजची वाट बंद करून घेतली.

मालकीणबाईंना अजूनही थाचाथाचांची नावं पाठ आहेत. दगडाला नाव, वळणाला नाव, ज्या गुहेत पाऊस लागला त्या गुहेला नाव. त्यांच्या मुलीला यातलं एकही माहीत नाही, कारण ती कधी वर गेलीच नाही. मुलगा जातो. तो वाटाड्या आहे.

म्हणून मी म्हणते की तो माणूस तुम्हाला वाट दाखवायला सोबत येतो हे अर्धंच खरं आहे. ती वाट त्याच्या घरची आहे, आणि आता तिच्यावर चालण्याचं त्याच्यापाशी उरलेलं हेच एक निमित्त आहे.

---

सुईदोरा | १४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

रानजाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तो पक्ष्यांचाही भाग लिहा ना कधी, जुजुराणा दिसला का?

---

रानजाई | १४ ऑगस्ट, सकाळी १०:१०

दोन उन्हाळ्यांत तीनदा दिसला, ऐकू आला मात्र कितीदा तरी. जुजुराणा म्हणजे पक्ष्यांचा राजा. हिमाचलचा राज्यपक्षी. सृष्टीतल्या प्रत्येक पक्ष्याने आपलं एकेक पीस दिलं आणि त्यातून देवाने हा घडवला, असं तिथले लोक सांगतात. नराच्या काळ्या अंगावर पांढरे ठिपके, मान केशरी-तांबडी, हे पाहिल्यावर ती गोष्ट खरीच वाटते. एप्रिल-मेमध्ये पहाटे रिंगाळच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, बेटांतून नर साद घालतो. हरवलेलं कोकरू ओरडावं तसा आवाज. ऑक्टोबरात तो गप्प असतो, त्यामुळे पाऊलवाट, तुम्हाला मोनालवर समाधान मानावं लागेल. शिल्टच्या वर भल्या सकाळी नक्की बघा.

---

कातळ | १४ ऑगस्ट, रात्री ९:२०

रानजाई, काल तुमचं वाचून झोप लागली नाही. उत्तर द्यायला आज वेळ घेतला.

माझं आजोळ चांदोलीच्या जंगलात होतं. 'होतं' असंच म्हणावं लागतं. आता तिथे राष्ट्रीय उद्यान आहे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. मामा आता सपाटीवरच्या वसाहतीत राहतो. गावच्या देवीचं देऊळ आत राहिलं, तिच्या वार्षिकाला वनखात्याची परवानगी काढून जातात. लहानपणी एकदा मीही गेलोय. मामा पुढे चालत होता आणि दर शंभर पावलांवर थांबून सांगत होता, इथे आपलं खळं, इथे आंब्याखाली शाळा भरायची. मला तिथे नुसती झाडी दिसत होती. त्या दिवशी मामा पुढे नसता तर मी एका चांगल्या जंगलातून फिरून आलो असतो, एवढंच.

त्याच्या टाचांकडे बघत चालल्यामुळे डोंगर दिसला नाही असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. मग तीर्थनच्या माणसाबाबत का वाटावं? वरचा माझा मुद्दा मी मागे घेतो.

पाऊलवाट, जाच तुम्ही.

---

नाडी | १५ ऑगस्ट, दुपारी १२:००

मी डॉक्टर आहे, दरवर्षी उंचावर जाणाऱ्या गटांची तपासणी करते. थोडक्यात लिहिते.

रोला ते शिल्ट एका दिवसात हजार मीटर हा चढ निरोगी माणसाला जमतो, पण डोकेदुखी होऊ शकते. गुशैणीत पोचल्या पोचल्या चालायला लागू नका. एक रात्र तिथे आणि जमलं तर दोन रात्री रोलाला काढा. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, हे पक्कं लक्षात ठेवा. डोकं दुखतंय आणि त्याबरोबर मळमळ, जेवण नको वाटणं, चक्कर यातलं काही आहे, तर त्या दिवशी वर जायचं नाही. आराम करूनही वाढलं तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. चालताना तोल जाणं किंवा बसल्याजागी धाप लागणं म्हणजे धोका. गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. मुलीला नीट समजावून सांगा की त्रास लपवायचा नाही. पंधरा-सोळा वर्षांची मुलं इतरांची सहल बिघडू नये म्हणून बोलत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

---

सुईदोरा | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

सामानाबद्दल माझे अनुभव.

सह्याद्रीत आपली अर्धी सॅक पाण्याने भरलेली असते, टाकं कोरडं निघालं तर काय, ही धास्ती. तिथे रोलापर्यंत तर नदीच सोबत असते, त्यामुळे ते वजन गरम कपड्यांसाठी वापरा. शिल्टला ऑक्टोबरात रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. अंगालगत घाम शोषणारा कपडा, त्यावर लोकर किंवा फ्लीस, वर जॅकेट आणि सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं. सुती कपडा एकही नको, भिजला की वाळत नाही. झोपायचे मोजे वेगळे ठेवा आणि चालताना ते घालू नका.

स्टोव्हची गॅसची डबी रेल्वेतून नेता येत नाही, विमानातूनही नाही. स्वयंपाकाचं वाटाड्यांशी आधी बोलून घ्या, त्यांच्याकडे सोय असते. शेकोटीचा आग्रह धरू नका.

बायकोसाठी आणि लेकीसाठी: पाळीचं सामान जास्तीचं न्या, चालण्याने आणि उंचीने तारखा पुढेमागे होतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात भरून परत आणायचे, पुरायचे नाहीत, अस्वलं उकरतात. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, वीतभर खड्डा करून. छोटी खुरपी न्या. माझ्या मावशीने मला भाजीवाल्याकडची जुनी खुरपी दिली होती, तीच मी अजून वापरते.

---

पाऊलवाट | १६ ऑगस्ट, रात्री ८:००

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी धागा मोठ्याने वाचून दाखवला. वाटाडे साई रोपाच्या केंद्रातून विचारून ठरवतोय. तीर्थ रद्द, शिल्ट-राखुंडी पक्कं, रोलाला दोन रात्री. आल्यावर लिहितो.

---

पाऊलवाट | २९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

परवा परतलो.

राखुंडीचा माथा झाला नाही, हे आधी सांगून टाकतो. शिल्टला पोचलो त्या रात्री पाऊस आणि पहाटे भुरभुरता बर्फ. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे वाटाडे (गावात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो) झोपडीच्या दारात उभं राहून बराच वेळ धारेकडे बघत होते. मग म्हणाले, आज नको, गवत ओलं आहे आणि वर ढग बसलाय. मेहुण्याने नकाशा काढून दाखवला, अंतर किती थोडं आहे ते. भाऊ नकाशाकडे बघून म्हणाले, अंतर बरोबर आहे, पण उतरताना तो गवताचा उतार लागतो, त्यावर ते स्वतः दोनदा घसरलेत. आम्ही थांबलो. वीस वर्षांपूर्वीचा मी थांबलो नसतो.

रोलाच्या दोन रात्रींबद्दल नाडीताईंचे विशेष आभार. मधल्या दिवशी काहीच करायचं नव्हतं. नदीकाठी दगडावर बसून लेक तीन तास पाण्याकडे बघत होती. तिच्या हातात एवढा वेळ पुस्तक किंवा फोन नसलेला मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नाही. शिल्टच्या चढावर आधी कैल (तिथला पाइन), मग राई आणि तोश (स्प्रूस आणि फर), मग खरसूचे जुने ओक. त्यांच्या फांद्यांवर शेवाळाच्या दाढ्या. चढ खरोखर अंगावर येतो. बायकोचं डोकं संध्याकाळी दुखलं, जेवून झोपल्यावर उतरलं.

उतरताना माझ्या एका बुटाचा तळ सुटला. सहा वर्षं कपाटात होते, बाहेरून नवेच दिसत होते, निघायच्या आधी चार दिवस घालून बघायला हवे होते. भाऊंनी कंबरेची दोरी सोडून तळ असा बांधला की गुशैणीपर्यंत हलला नाही. ज्यांचे बूट कपाटात असतील त्यांनी आजच काढून वाकवून बघा.

शेवटच्या संध्याकाळी भाऊंच्या घरी सिड्डू खाल्ले. आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचे, आत अक्रोड-खसखशीचं सारण, वाफवलेले, वर तूप. त्यांच्या आई चुलीपाशी बसून एकेक वाढत होत्या.

आणि आता रानजाई, हे खास तुमच्यासाठी. तुमचा प्रतिसाद वाचून लेकीने एक वही नेली होती. गुशैणी ते शिल्ट, जिथे जिथे भाऊ एखाद्या जागेचं नाव घेत, तिथे ती थांबून लिहून घेई. एकूण ४१ नावं झाली. त्यातली काहींची गोष्टही आहे, काहींची भाऊंनाही आठवेना. ती सिड्डूच्या रात्री त्यांच्या आईंना वाचून दाखवली. त्यांनी सहा ठिकाणी दुरुस्ती केली आणि वरच्या थाचांची एकोणीस नावं नव्याने सांगितली. त्यांची नात शेजारी बसून ऐकत होती. मग तिने वही मागून घेतली आणि स्वतःच्या अक्षरात, त्यांच्या बोलीत नीट कसं लिहायचं ते शेजारच्या रकान्यात लिहून दिलं.

---

रानजाई | २९ ऑक्टोबर, रात्री ११:०२

पाऊलवाट, त्या वहीचे फोटो मला पाठवाल का? माझ्या मालकीणबाईंनी सांगितलेली नावं माझ्या जुन्या टिपणांत आहेत, पण मी ती ऐकून मराठी कानाने लिहिली होती, कित्येक चुकली असणार. दोन्ही एकत्र करून पाहायला आवडेल. डिसेंबरात तिकडे जायचं चाललंय, तेव्हा त्यांनाही दाखवेन.

---

पाऊलवाट | ३० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा. फोटो आजच पाठवतो, पण लेक म्हणतेय की तुम्ही जाणारच असाल तर मूळ वहीच तुमच्याबरोबर द्यायची. त्या नातीच्या हातात. आम्ही इथे प्रत काढून ठेवतो.